पुसून टाकायचे पाच डबे

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

पुसलेले नाहीत! पाचांतला एक तरी नक्कीच नाही, आणि एक नाही म्हणजे बाकीचे चारही नाहीत — शेखरला मी ओळखते.

सकाळी दार उघडायला आणि आदेश यायला एकच गाठ पडली. शहापूरच्या बाजारात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दोन मुलींचा बाप, पण आज शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा टेबलासमोर उभा. पिशवीतून राऊटर काढला. "मॅडम, शेखर सरांनी हा मला वापरायला दिला. साफ केलाय म्हणाले. घरी लावून उघडला तर यात मेसेज. बायकांचे. दोन ओळी वाचल्या नि बंद केला. माझ्या मामाच्या गावचं नाव होतं त्यात."

खुर्ची दिली तरी बसला नाही.

आमच्या संस्थेची या दोन तालुक्यांत पाच केंद्रं. डोळखांब, शेणवा, तानसा, वैशाखरे, धसई. घरात जिला बोलता येत नाही तिने केंद्रात यायचं. येताही येत नसेल तर आम्ही वाटलेल्या कार्डावरच्या नंबरवर दोन शब्द लिहून पाठवायचे. आमची कार्यकर्ती स्नेहल ते वाचते, स्नेहल तिच्यापर्यंत पोचते. त्या नंबरचं सिम बसवलंय केंद्राच्या राऊटरमध्येच. ही शेखरची काटकसर — एका रिचार्जमध्ये इंटरनेटही आणि मेसेजही. "स्नेहल कॉम्प्युटरवर बघते ना, वेगळा मोबाईल कशाला?" आणि आलेला प्रत्येक मेसेज त्या डब्याच्या पोटात पडून राहतो, सिम काढून घेतलं तरी. हे मला आज कळलं. बासष्टाव्या वर्षी, मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडून.

आता केंद्रांत वायरचं इंटरनेट आलं, म्हणून हे पाच डबे गरजूंना वाटून टाकले.

शेखरला, आमच्या तंत्रज्ञाला, फोन लावला. "सगळे रिसेट मारलेत मॅडम. रजिस्टरला एंट्री आहे."

रजिस्टरला एंट्री आहे. जणू रजिस्टरच उठून गेलं आणि पुसून आलं.


मंगळवार, ७ ऑक्टोबर

रजिस्टर काढलं. "३/१०/२५. राऊटर, पाच नग. मेमरी पूर्णपणे पुसली. वाटपास योग्य." खाली शेखरची सही, शेपटी दोन ओळी लांब.

आमच्याकडे दसऱ्याआधी ऑफिसातलं काही बाहेर जात नाही. मोडकी खुर्चीसुद्धा झेंडूचं फूल घेऊनच भंगारात जाते. आयुष्यभर राबलेल्या वस्तूला निदान एक फूल — मला तरी ही रीत आवडते. गुरुवारी दसरा झाला. पाचही डबे पाटावर मांडले होते, शेखरने स्वतः हळदकुंकू वाहिलं. शुक्रवारी सकाळी पुसले, दुपारी वाटून मोकळा.

मी हे मोठ्याने वाचत होते. सकुबाई लादी पुसत होती. फडकं पिळता पिळता म्हणाली, "शुक्रवारी? शुक्रवारी लाइट कुठं व्हती, बाय? नवाला जाते ती पाचाला येते. पंखा नाय म्हनून तुमीच तं रजिस्टरानं वारा घेत बसलेल्या."

हो. शुक्रवार. दुरुस्तीच्या नावाखाली दर शुक्रवारी इथली लाइट जाते. तालुक्यातल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक आहे.

आदेशला फोन करून विचारलं, लाइट नसताना राऊटरच्या भोकात टाचणी दाबली तर काय होतं? "काय नाय होत, मॅडम. दगडात दाबल्यासारखं. डबा चालू पायजे, तरच पुसतो."

म्हणजे आमच्या तंत्रज्ञाने शुक्रवारी सकाळी पाच मेलेल्या डब्यांना एकेक टाचणी टोचली आणि बायकांची गुपितं गावोगाव वाटून आला. कल्याणच्या कॉलेजातून याने डिप्लोमा घेतलाय, चौकट करून भिंतीवर लावलाय.

त्या नोंदीखाली आणखी एक सही आहे. "तपासले." निळी शाई, गोल वळणदार अक्षर. कॉन्व्हेंटचं.

माझीच.


बुधवार, ८ ऑक्टोबर

शेखर अकराला उगवला. म्हटलं, शुक्रवारी लाइट नव्हती. आधी म्हणाला होती, मग म्हणाला आली-गेली, मग म्हणाला, "मॅडम, सिम काढलं म्हणजे झालंच की. आणि बघणार कोण? खेड्यातल्या माणसांना लॉगिन तरी माहिती असतं का?"

"तुला लाइट माहिती नाही, तर त्यांना लॉगिन नसेना का माहिती," मी म्हटलं. सकुबाई पदराआड हसली. मला बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

पाच डबे गेले कुठे? डोळखांबचा आदेशला. वैशाखऱ्याचा तिथल्या शाळेला. धसईचा गणेश मंडळाला. शेणव्याचा फाट्यावरच्या भरतला, त्याचं वडापावचं हॉटेल आहे. आणि तानसाचा?

"तो... माझ्या घरी आहे. बेडरूममध्ये रेंज येत नव्हती."

गरजू!

दुपारी दुकान बंद ठेवून आदेश आला, मला शिकवायला. डबा चालू करायचा. मागच्या बारीक भोकात टाचणी. दाबून धरायची, सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागेपर्यंत. "तीस मोजा, मॅडम. घाई करू नका." मी तीस मोजले. डोळखांब साफ. "आता बघून घ्या आत, रिकामा झाला का," म्हणाला. म्हटलं, तू बघ. आधी काय होतं ते मला बघायचं नव्हतं आणि आता काय नाही तेही नको. त्याने बघितलं. रिकामा.

बोर्डिंगमध्ये आमची पत्रं सिस्टर कात्रीने उघडायच्या, मग आमच्या हातात यायची. वडील वनखात्यात कारकून. सिस्टर वाचणार म्हणून बिचारे इंग्रजीत लिहायचे, शब्दकोश मांडीवर घेऊन. पत्र माझ्या हाती यायचं तेव्हा त्यांच्या चुकांखाली लाल पेन्सिल. आईला ताप होता त्या वर्षीच्या पत्रातही लाल रेघा. सिस्टरांनी मला पुष्कळ दिलं — अक्षर, शिस्त, शिवण. पण ती पेन्सिल मी त्यांना अजून माफ केलेली नाही. दुसऱ्याला लिहिलेलं वाचायचं नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले, उलट्या बाजूने.

पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले तेव्हाही तेच. शहापूरच्या त्या कोंदट खोलीत आम्ही चौघी, कानाला हेडफोनची लोखंडी बोंडं लावून. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचा रिपोर्ट वाईट आला, त्याच्या घरच्यांआधी आम्हाला कळायचं. एकीनेही कधी उंबऱ्याबाहेर नेलं नाही. कुणी खोदून विचारलं की सुमन म्हणायची, "लाइन खराब होती हो." काय दिवस होते! आता लाइन स्वच्छ आहे आणि माणसं खराब.


गुरुवार, ९ ऑक्टोबर

शेखरचा रजेचा अर्ज. कारण: मानसिक ताण. मंजूर केला. चार दिवस तरी काही पुसणार नाही.


शुक्रवार, १० ऑक्टोबर

लाइट नाही. खिडकी उघडी टाकून बसले होते. छाया आली.

शेणव्याच्या पलीकडच्या वाडीतली. तिशीची असेल, चाळिशीची दिसते. भातकापणी सोडून आली होती, बोटाला विळ्याची ताजी चीर, वर चिंधी. बाकावर बसेना. दाराशीच उकिडवी बसली आणि जमिनीकडे बघत बोलली.

"ताई, केंद्रातला तो डबा आमच्या दिराकडं हाय. हाटेलवाल्या भरतकडं. सांगत व्हता घरात, यात बायकांचं कायकाय हाय म्हनून. रविवारी भाचा येनार हाय कल्यानवरना, तो उघडून देनार." बोटावरची चिंधी घट्ट केली. "मी लिवलेलं हाय त्यात. माझ्या नंबरावरना. काय लिवलं ता इचारू नका."

म्हटलं, नाही विचारत.

"त्यांनी वाचलं तं मना घरात नाय ठेवनार. पोरी ठेवून घेतील नि मना भाहेर काढतील. दोघी हायत मना."

मी तिला सांगितलं, रविवारच्या आत तो डबा माझ्याकडे येईल, मी माझ्या हाताने पुसेन, त्यातलं अक्षर माझ्याही डोळ्यांना दिसणार नाही. तिने मान वर केली. विश्वास ठेवावा की नाही याचा हिशोब चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. तिला दोष कशाला देऊ — कार्डावर "तुमचं नाव गुप्त राहील" असं आम्हीच छापलं होतं, मोरपंखी रंगात.

"स्नेहलने मदत केली ना तुला?" मी विचारलं.

"आता काय नको, ताई. नुसतं पुसा."

चहा नको म्हणाली. उशीर झाला तर सासू विचारेल. गेली.

म्हणजे स्नेहलने निभावलं तर तिचं. स्नेहल गुणाची पोरगी आहे, हे काम असंच गाजावाजा न करता व्हायला हवं.


शनिवार, ११ ऑक्टोबर

भरतच्या हॉटेलात सकाळी नऊला पोचले. फ्रिजवर राऊटर, अंगावर दसऱ्याचा सुकलेला झेंडू अजून तसाच, आणि हिरवा दिवा लागलेला! भाचा यायच्या आधीच याने लावून ठेवला होता.

"पासवर्ड मागतोय, मॅडम," भरत म्हणाला. "उद्या बघू. तुमी वडा घ्या, गरम हाय."

म्हटलं, भरतभाऊ, डबा परत द्या.

"फुकट दिलेली वस्तू परत मागता व्हय? दसऱ्याचा मान म्हनून दिला शेखरनं."

मग मी खोटं बोलले. सरळ, न अडखळता. "मान नाही, खराब माल आहे. धसईला याच लॉटच्या डब्याने मंडळाचा टीव्ही जळला. तुमचा टीव्ही तर भिंतभर."

भरतने टीव्हीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि धावत जाऊन स्वतःच वायर उपटली. "आईच्यान! तरी मना डाऊट आला, हा शेखर फुकट कसा देतो!" मग डबा माझ्या पिशवीत टाकताना हसला. "बायकांच्या भानगडी हायत म्हनं यात. शेखरच सांगत व्हता, हसत व्हता. खरा काय?"

"असतील कशाला? पुसून देतात ते."

म्हणजे न पुसण्यावरच थांबला नव्हता. जाहिरातही केली होती. या माणसाला लहानपणी कोणी दोन्ही हात पुढे करायला लावून पट्टी मारली नाही, हे त्याचं दुर्दैव आणि आमचं.

परतताना जीप वाडीवरून गेली. छाया शेतात पेंढ्या बांधत होती, सोबत आणखी चौघी, बांधावर सासू बसलेली. मी खिडकीतून पिशवी नुसती जरा वर उचलली. तिने बघितलं. लगेच वाकली आणि पुढची पेंढी हातात घेतली.

घरी येऊन आधी राऊटर लावला, मग पाणी प्यायले. टाचणी. तीस झाले, दिवे विझून लागले. मन भरेना. पुन्हा टाचणी लावली आणि साठ मोजले.

खोटं बोलल्याचं काही वाटत नाहीये. शाळेत असताना खडू चोरला होता तर तीन रात्री झोपले नव्हते.


सोमवार, १३ ऑक्टोबर

स्नेहल आठवड्याच्या अहवालाचे कागद घेऊन आली होती. सहज विचारल्यासारखं विचारलं, "मेसेज बरेच येत असतील ना ग?"

"मेसेज? नाही हो मॅडम, मेसेज कोणी करत नाही. बायका समोर आल्या की बोलतात."

मलासुद्धा नाही सांगितलं! ऑफिसप्रमुख असून मलासुद्धा नाही. डोळ्याची पापणी हलवली नाही पोरीने. एक्स्चेंजमध्ये असती तर आम्ही चौघींनी तिला पाचवी म्हणून घेतली असती. पाठीवर हात ठेवला. ती गोंधळली, बिचारी. कौतुकाची सवय नसावी, शेखरच्या हाताखाली कुठून असणार.


मंगळवार, १४ ऑक्टोबर

वैशाखरे आणि धसई एका दिवसात. कंबर मोडली.

शाळेत मुख्याध्यापकांनी राऊटर निकालपत्रांवर वजन म्हणून ठेवला होता. "पंख्यानं उडतात ना, मॅडम." मग संस्थेच्या उपकाराबद्दल दहा मिनिटं बोलले. त्यांच्या टेबलावरच लाइटला लावला, तीस मोजले, परत कागदांवर ठेवला. आता ठेवा बापडे.

धसईचं मंडळ. डबा थर्माकोलच्या मोरांमध्ये, मखराच्या सामानाखाली. खजिनदार म्हणाला, इंटरनेट कशाला हवंय, सगळ्यांकडे मोबाईल आहेत. मग घेतला कशाला? "देत होते म्हणून." मखराच्या पत्र्यावर बसून तीस मोजले. ज्याच्या टीव्हीला मी जाळलं त्या मंडळाकडे टीव्हीच नाही, हेही तिथे कळलं.

चार झाले. चौघांच्या पोटातलं एक अक्षरही मी पाहिलं नाही आणि आता कोणालाच दिसणार नाही. बऱ्याच दिवसांनी एखादं काम धडपणे केल्यासारखं वाटतंय. छाया आज नीट झोपली असेल.


बुधवार, १५ ऑक्टोबर

शेखरचा फोन. उद्या येतो. तानसाचा डबा घेऊन येतो. "बायको विचारतेय, इंटरनेटचं काय करायचं?"


गुरुवार, १६ ऑक्टोबर

आणला. टॉवेलात गुंडाळून, बारशाला बाळ आणावं तसा. "मॅडम, माझी चूक झाली, पण तुम्ही फार ताणलंत. हेड ऑफिसला कळवायची गरज होती का?"

होती. दोन पानं कळवलं. शुद्धलेखनासकट.

टाचणी लावायला गेले तर आत जाईना. भोकात कुंकू! दसऱ्याला पाणी कालवून बोटाने फासलं होतं, ते सुकून सिमेंट झालंय. इतर चार डब्यांना पुढून टिळा, आणि हा घरी न्यायचा ठरलेला म्हणून याला जास्त भक्ती, चारही बाजूंनी. म्हणजे त्या शुक्रवारी याला तर टाचणी टोचलेलीसुद्धा नव्हती. रजिस्टरला मात्र पाच नग.

आदेशने सुईने उकरून बघितलं. बटणच आत बसलंय म्हणाला. "कॉम्प्युटरला जोडा मॅडम, स्क्रीनवरून पुसा. मेसेजच्या पानावर खाली 'सर्व काढून टाका' असं येईल. पासवर्ड मागं चिकटवलाय."

मागे चिकटवलेला पासवर्ड: shekhar123. काय बोलणार.

उद्या शुक्रवार. परवा करीन. म्हणजे मेसेजचं पान उघडावं लागणार, एवढंच मनाला खटकतंय. नजर बटणावर ठेवायची, वर न्यायचीच नाही. क्षणाचं काम.


शनिवार, १८ ऑक्टोबर. धनत्रयोदशी.

बटणाच्या अगदी शेजारी आकडा होता. नजर टाळता आली नाही.

एकूण संदेश २१२. न वाचलेले २१२.

स्नेहलला फोन केला. "केंद्रांतले मोबाईल बिघडले तेव्हा सरांनी सिमं काढून नेली, मॅडम. मला वाटलं ते नंबर बंदच केले. कॉम्प्युटरवर? नाही, मला कोणीच काही सांगितलं नाही. दोन वर्षं झाली. कार्डं मात्र वाटतोय आम्ही — छापून आली होती ना."

"पाचही केंद्रांत?"

"पाचही."

चार मी पुसले. तीस मोजून. शेणव्याचा साठ मोजून.

पाचवा वाचायला घेतला आहे.